बोंडलेभर दूध

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारी मुले बहुतेक मला दिवा समजतात. एकाने तर माझ्यात वात घालायला घेतली होती. त्याचा दोष नाही, माझा आकार आहेच तसा. तळहातावर मावेल एवढी खोलगट वाटी आणि एका बाजूने पुढे निघालेली लांब, निमुळती चोच. पण मी दिवा नाही. मी एक जुने चांदीचे बोंडले आहे. ज्या बाळांना चोखता येत नाही किंवा पुरेसे चोखायला मिळत नाही, त्यांच्या ओठाला चोच लावून थेंब थेंब दूध पाजणे हे माझे काम.

माझा जन्म हुपरीचा. कोल्हापूरपासून जवळच असलेल्या या गावात घरोघर चांदीचे काम चालते. एका कारागिराने चांदी आटवली, तिची पट्टी ठोकून पातळ केली आणि लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हातोडीने मला हळूहळू खोल केले. चोच करताना त्याने फार वेळ घेतला. कड जराही बोचू नये म्हणून तो पुन्हा पुन्हा ती स्वतःच्या ओठावर फिरवून पाहत होता. मग रिठ्याच्या पाण्याने घासून त्याने मला उजळ केले. बाळाचे भांडे करताना हात हलका ठेवावा लागतो, असे तो शेजारच्याला म्हणाला. ते वाक्य मी विसरलेले नाही.

शाहूपुरीत एका जैन कुटुंबाचे पशुखाद्याचे दुकान होते, अजूनही आहे. सरकी पेंड, भुसा, मक्याचा भरडा. आसपासच्या गावांतले म्हशीवाले तिथे पोती न्यायला येत. त्या घरात मुलगा झाला आणि त्याच्यासाठी मला विकत आणले. तो मुलगा म्हणजे भूपाल. आज तो आजोबा झाला आहे आणि सगळे त्याला आण्णा म्हणतात, पण मी त्याला उताणे पडून पाय झाडताना पाहिले आहे.

ते माझे चांगले दिवस होते. गल्लीत कुणाचे बाळ अशक्त जन्मले, कुणाला ताप आला, की माझी मागणी यायची. मी चार घरे फिरून परत यायचे आणि जायच्या आधी व आल्यावर मला उकळत्या पाण्यात बुडवले जायचे. "बोंडलं गुणाचं हाय," असे बाया म्हणायच्या. पुढे भूपालचे लग्न झाले, विजयमाला घरात आली, त्यांना जिनेश झाला. त्यालाही मी थोडेफार पाजले. पण तोवर बाजारात रबरी बुचाची दुधाची बाटली आली होती. बाटली बाळाच्या तोंडात दिली की आईचे हात मोकळे राहत. मला जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिले.

मित्रांनो, चांदीला हवा लागली की ती काळी पडते, आणि विसर पडला की आणखी काळी पडते. घर शाहूपुरीतून राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये गेले, तेव्हा मीही त्या गाठोड्यात गेले. मला कुणी उघडून पाहिले नाही.

पाहिले ते थेट गेल्या श्रावणात. जिनेशला मुलगी झाली होती. जिनेशची बायको आदिती सांगलीची. तिची आई पूर्वीच वारली होती, म्हणून पहिले बाळंतपण असूनही ते सासरीच झाले. आण्णांनी कपाट उघडले, गाठोडे सोडले आणि मला नखाने खरवडून पाहिले.

"हे मोडीत देऊ," ते म्हणाले. "बारशाला पोरीला वाळं आन् करदोटा करायचाय. हुपरीला नेतो की उद्या."

मोडीत म्हणजे मला पुन्हा आटवायचे. मी आण्णांच्या पिशवीत जाऊन पडले. त्या पिशवीत मी जिनपूजेचे तांदूळ, दुकानाच्या किल्ल्या आणि त्यांचा चष्मा यांच्या सोबतीला होते. आपले संपले असे मी मनाशी म्हटले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ रडू लागले. रडायचे, थकायचे, झोपून जायचे आणि थोड्या वेळाने उठून पुन्हा रडायचे. बाळाला न्हाऊ घालायला तानाबाई येत असे. हिला राजारामपुरीतल्या निम्म्या घरांची आतली बातमी ठाऊक आणि उरलेल्या निम्म्या घरांना ती सांगायची असते. तिने बाळाच्या पोटावरून हात फिरवला.

"पोटात वारं धरलंय. गुटी द्या, अक्का."

विजयमालाबाईंनी पिशवीतून मला ओढून काढले. "आण्णा, हे राहू द्या गुटीपुरतं. बारशाच्या आदल्या दिवशी न्या."

अशी माझी शिक्षा पुढे ढकलली गेली. मला घासून उकळले. कितीतरी वर्षांनी माझ्या चोचीला बाळाचा ओठ लागला. तो ओठ कोरडा होता. मित्रांनो, मी खूप बाळांचे ओठ ओळखते. पोट दुखणारे बाळ चोच ढकलून देते. या बाळाने चोच सोडलीच नाही. गुटी संपली तरी ते मला चाटत राहिले.

ते बाळ भुकेले होते. मला कळत होते, पण मला बोलता येत नाही.

घरात कुणालाच भुकेची शंका आली नाही, त्याला कारण विजयमालाबाई. त्यांचे माहेर राधानगरीकडचे, गोठ्यातले. लहानपणापासून म्हशींत वाढलेल्या. लग्नानंतर दुकानामुळे पुन्हा म्हशीवाल्यांशीच गाठ. बाजारात कुणी म्हैस घ्यायला निघाले, तर आण्णांबरोबर विजयमालाबाईंनाही नेत. लांबून कास पाहून ही किती दूध देईल ते त्या सांगत आणि बहुधा ते खरे ठरे. आदितीला पाहायला गेल्या तेव्हाही घरी येऊन त्यांनी सगळ्या पाहुण्यांत सांगितले होते, "पोरगी अंगानं भरल्याली हाय. लेकरं उपाशी ऱ्हायची न्हाईत." सगळे हसले होते. आदितीला ते जिनेशने गमतीने सांगितले, आणि तिथेच सगळे अडले.

आता जे सांगते ते नीट ऐका. यात लाजण्यासारखे किंवा हसण्यासारखे काही नाही.

आदिती लग्नाआधी पुण्यात नोकरीला होती. लहानपणापासून तिची छाती फार लहान होती आणि एक बाजू दुसरीपेक्षा जास्तच लहान होती. मैत्रिणी चिडवायच्या. कपडे नीट बसायचे नाहीत. आरशासमोर उभे राहायला तिला नको वाटे. स्वतःच्या पगारातून पैसे साठवून तिने ऑपरेशन करून घेतले. अशा ऑपरेशनमध्ये छातीत सिलिकॉनच्या मऊ पिशव्या बसवतात, त्यामुळे आकार मोठा आणि सारखा दिसतो. तिला बरे वाटले. पुढे मूल झाले तर पाजता येईल का, हेही तिने तेव्हा विचारले होते. बहुतेक बायकांना येते, काहींना कमी पडते, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. गरोदर राहशील तेव्हा तुझ्या डॉक्टरांना हे सांगायला विसरू नकोस, असेही ते म्हणाले होते.

ती विसरली नव्हती. पण गरोदरपणात प्रत्येक तपासणीला सासूबाई बरोबर असायच्या, अगदी तपासणीच्या खाटेपर्यंत. लग्नाआधी तिने जिनेशला सांगितले होते, पण आईला सांगायचे नाही अशी त्याला शपथ घातली होती. गरोदरपणात शरीर बदलते, छाती आणखी भरते. विजयमालाबाई ते बघून खूश होत्या. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी तिची छाती दगडासारखी घट्ट झाली, ठणकू लागली. "पान्हा फुटला," असे म्हणून सासूबाईंनी शेजारी पेढे वाटले. खरे तर दुधापेक्षा सूजच जास्त होती.

एका संध्याकाळी आण्णा देवदर्शनाला बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गेले होते आणि विजयमालाबाई अळिवाची खीर करत होत्या. मी खोलीत पाटावर होते. आदिती बाळाला घेऊन बसली होती आणि जिनेश दारात उभा होता.

"अजून झोपलीच आहे," जिनेश म्हणाला. "तू म्हणालीस ना, सारखी झोपते?"

"दमून झोपते रे. दोन मिनिटं ओढते आणि सोडते. काही येतच नसेल."

"मग आईला सांगूया. मी सांगतो."

"काय सांगशील? तुम्ही बघून पसंत केलेली सून खोटी निघाली म्हणून?"

"खोटी काय त्यात?"

"तूच सांगितलंस ना, त्या काय म्हणाल्या होत्या ते. भरल्याली हाय. सगळ्या पाहुण्यांत." तिने बाळाला दुसऱ्या बाजूला घेतले. "फसवलं म्हणतील, जिनेश. मला नाही, माझ्या वडलांना म्हणतील. थोडे दिवस थांब. येईल दूध."

जिनेश थांबला. चांगला मुलगा, पण आई आणि बायको यांच्यामध्ये उभे राहायची वेळ आली की त्याला दुकानातले एखादे काम आठवते. त्यालाही मीच पाजले आहे, त्यामुळे मी फार बोलत नाही.

दोन दिवसांनी बाळाला राजारामपुरीतल्याच डॉक्टर संयोगिता यांच्याकडे नेले. गुटीच्या सामानाबरोबर मीही पिशवीत होते. काट्यावर ठेवल्यावर बाळ जन्मले तेव्हापेक्षा हलके निघाले. सुरुवातीला सगळीच बाळे थोडी हलकी होतात, पण एव्हाना ते भरून यायला हवे होते.

"लंगोट किती ओले होतात दिवसात?" डॉक्टरांनी विचारले.

आदिती आठवू लागली. विजयमालाबाई म्हणाल्या, "होत्यात की. लेकराचं कोण मोजतंय?"

"आदिती, छातीचं आधी काही दुखणं? गाठ, ऑपरेशन, असं काही?"

"छ्या," विजयमालाबाईच बोलल्या. "धडधाकट हाय आमची सून. दुधाला काय तोटा न्हाय, डॉक्टर. दिसतंय की."

डॉक्टरांनी आदितीकडेच पाहिले. आदितीने मान हलवली. नाही.

पिशवीत मी गुटीच्या डबीला टेकून पडले होते. मित्रांनो, त्या एका मान हलवण्याने डॉक्टरांच्या हातातला दिवा विझवल्यासारखा झाला. डॉक्टरांना जे माहीतच नाही, त्यावर त्या उपाय कसा करणार? त्यांनी बाळाला नीट धरायची पद्धत दाखवली, गुटी बंद करायला सांगितले आणि परवा पुन्हा वजनाला या म्हणाल्या.

घरी येऊन विजयमालाबाईंनी खीर वाढवली, शेपूची भाजी वाढवली. तानाबाईने लसणाची चटणी सुचवली. "चातुर्मास चाललाय, लसूण कुठली काढतीस?" म्हणून त्यांनी तिला गप्प केले. मग बाळाची दृष्ट काढली. सगळे प्रेमानेच केले. फक्त उपाय भलत्याच रोगावर चालला होता.

परवाचा दिवस उजाडला. तानाबाईने बाळाला न्हाऊ घातले. एरवी पाणी पडले की बाळ टाहो फोडायचे. त्या दिवशी ते नुसते कुरकुरले. तानाबाईचा हात थांबला.

"अक्का, रडंना हो पोर."

विजयमालाबाईंनी मग मनाशी काहीतरी ठरवले. ज्ञानू गवळी नुकताच दूध घालून गेला होता, ताजे काढलेले, अजून फेस न बसलेले. त्यांनी वाटीभर म्हशीचे दूध घेतले, पाणी मिसळले, कोमट केले आणि मला काठोकाठ भरले. बाळाला मांडीवर आडवे घेतले. माझी चोच बाळाच्या ओठांकडे आली.

"आई, ते देऊ नका."

आदिती बाजेवरून उठून आली होती. केस सुटलेले, हाताने भिंत धरलेली.

"का? लेकरू मरगळलंय बघ की. जरा जिभंला दूध लागू दे."

"म्हशीचं दूध एवढ्या लहान बाळाला द्यायचं नसतं. तेही कच्चं."

"मग तू पाज. एवढं दूध हाय, आन् लेकरू—"

"नाही, आई." आदितीने एकदा तानाबाईकडे पाहिले. हे बोलले तर दुपारपर्यंत कुठेकुठे पोचेल ते तिला माहीत होते. मग तिने बाळाकडे पाहिले. "मला दूध कमी आहे. जे दिसतं ते दूध नाही."

"दूध न्हाय तर मग काय हाय?"

"मी करून घेतलंय ते. पुण्यात. लग्नाच्या आधी. ऑपरेशन करून."

माझ्या काठावरून दुधाचा एक थेंब ओघळून विजयमालाबाईंच्या लुगड्यावर पडला.

तानाबाईने हळूच विचारले, "करून घ्येतलंय म्हंजे? ह्यो काय दागिना हाय व्हय?"

"तू गप गं," विजयमालाबाई म्हणाल्या. त्या आदितीकडे बघतच राहिल्या. "बाजारात कुणी म्हैस दाखवली तर मी नुसती बघून सोडत न्हाय. हातानं दाबून बघती. मांसाळ कास असली की दिसाय मोठी, पण पिळून झाली तरी तशीच ऱ्हाती. दूध नसतंय तिच्यात. सारी दुनिया मला इचारून म्हैस घेती. आन् मी माझ्या घरात फसले."

"हेच म्हणाल, म्हणून सांगितलं नाही," आदिती म्हणाली. ती मागे सरली नाही. "काय म्हणायचं ते म्हणा. माझ्या वडलांना म्हणू नका, त्यांना माहीत नाही. आणि पहिल्यांदा बाळाचं बघूया."

विजयमालाबाईंनी माझ्याकडे पाहिले, बाळाकडे पाहिले. मग उठल्या आणि माझ्यातले दूध चहाच्या पातेल्यात ओतले. त्यांच्या घरात काही वाया जात नाही.

"तुझ्या बाला कशाला बोलू?" त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "आपरीशन केलंस ते केलंस. तुझं अंग, तुझं पैसं. पर डॉक्टर पुढ्यात बसून इचारत होती तवा मान का हालवलीस? आजारी म्हैस घेऊन आल्यावर गवळी डॉक्टरला कधी खोटं सांगत न्हाय. आपण लेकराला घेऊन गेलतो गं."

"तुम्हीच बोललात ना आधी," आदिती म्हणाली.

विजयमालाबाई थबकल्या. "व्हय," त्या म्हणाल्या. "मीच बोलले. माझ्या तोंडाला कुलूप न्हाय." मग तानाबाईकडे वळल्या. "तानाबाई, ह्यातलं एक अक्षर गल्लीत गेलं तर हितनं पुढं आमच्या घरात पाऊल टाकायचं न्हाय. कळलं?"

"मी कशाला सांगतीया, अक्का?"

"चल आदिती. डॉक्टरकडं."

"आत्ता? रिक्षा..."

"मग काय मुहूर्त बघायचा?"

मलाही त्यांनी पिशवीत टाकले, सवयीने.

दवाखान्यात गर्दी होती. बाकावर आया, मांडीवर पोरे, एक आजोबा पेपर वाचत होते. विजयमालाबाई थेट खिडकीपाशी गेल्या. हळू बोलावे असे त्यांच्या मनात असणार, पण गोठ्यात वाढलेल्या माणसाचा हळू आवाजही रस्त्यापलीकडे जातो.

"ताई, डॉक्टरांना आधी एवढं सांगा. आमच्या सुनंच्या छातीचं आपरीशन झाल्यालं हाय. परवा आमी न्हाय म्हणून सांगितलंतं, ते खोटं हाय. लेकरू उपाशी हाय, तर नंबर लवकर घ्या."

सगळा दवाखाना ऐकत होता. आजोबांनी पेपर वर धरला. तानाबाईला दिलेली ताकीद अशी अर्ध्या तासात फुकट गेली. आदितीचा चेहरा लाल झाला. ती दारातच थांबली. तेवढ्यात बाकावरची एक बाई सरकली.

"हितं पंख्याखाली बसा," ती म्हणाली. "आमचा नंबर हाय आता, तुमी जावा आधी. माझ्या थोरल्याच्या येळी मलाबी पुरत नव्हतं."

बस, एवढेच झाले. आदितीला ज्या क्षणाची इतके महिने भीती वाटत होती, तो आला आणि गेला.

आत डॉक्टर संयोगिता रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"टाके कुठं आहेत?"

"खालच्या घडीत," आदिती म्हणाली.

"चांगलं. दूध तयार करणारा भाग वर असतो, पिशवी त्याच्या मागे. खालून घातली असेल तर दुधाच्या नळ्यांना सहसा धक्का लागत नाही. बोंडाच्या कडेनं कापलं असतं तर जास्त शंका घेतली असती."

"ती पिशवी लेकराला बाधती का?" विजयमालाबाईंनी विचारले. "दुधात उतरती का?"

"आजवर तसा काही धोका आढळलेला नाही. पाजायला हरकत नाही. पाजावंच."

"मग कमी का येतंय?" आदितीचा आवाज बारीक झाला होता. "मी ते केलं म्हणून?"

"नक्की सांगता येणार नाही. ऑपरेशनमुळे थोडं कमी झालं असेलही. पण एक बाजू खूपच लहान होती म्हणतेस ना? काही बायकांच्या छातीत दूध तयार करणारा भाग मुळातच कमी असतो. तू ऑपरेशन केलं नसतंस तरी कदाचित कमीच आलं असतं. फक्त मग सगळ्यांना आधी शंका आली असती. आता आकार बघून कुणाला आली नाही."

विजयमालाबाई खाली बघत होत्या.

मग डॉक्टरांनी काय करायचे ते सांगितले. आधी दोन्ही बाजूंनी पाजायचे. मग पंपाने उरलेले काढायचे, म्हणजे शरीराला आणखी दूध करायची सवय लागते. ते काढलेले दूध आणि त्यात जेवढे कमी पडेल तेवढे त्यांनी लिहून दिलेले पावडरचे दूध बाळाला वरून द्यायचे. म्हशीचे दूध वर्षभर नाही. गुटी नाही.

"बाटलीनं देऊ?" आदितीने विचारले.

"शक्यतो नको. बाटलीची सवय लागली की काही बाळं अंगावर ओढायचा कंटाळा करतात. वाटीनं, नाहीतर... तुमच्याकडं बोंडलं आहे का जुनं?"

मित्रांनो, त्या क्षणी पिशवीत मी किल्ल्यांवर आपटले नसते तरच नवल. विजयमालाबाईंनी मला बाहेर काढून टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी मला उलटेसुलटे करून पाहिले, चोचीवरून बोट फिरवले.

"छान आहे. आत कुठं खाच नाही, घाण अडकायची नाही. दर वेळी साबणानं धुवायचं, उकळायचं. आणि एक लक्षात ठेवा. बाळाला आडवं करून घशात ओतायचं नाही. बसतं धरायचं, चोच खालच्या ओठाला टेकवायची, बाळानं स्वतः प्यायला हवं."

इतकी वर्षे मला सगळ्यांनी बाळाला आडवे घेऊनच वापरले होते. माझे काम नीट कसे करायचे हे मला त्या दिवशी कळले.

दवाखान्यातच मला धुऊन उकळले, पावडरचे दूध कालवले आणि तिथेच पहिले दूध पाजले. आदितीने बाळाला बसते धरले, विजयमालाबाईंनी मला. बाळाने आधी जीभ लावली. मग ओठ पुढे केले. मग ते प्यायला लागले, सावकाश, डोळे मिटून. विजयमालाबाईंनी हात अगदी हलका ठेवला होता. ज्या हाताने बाजारभरच्या म्हशी पारखल्या, तो हात.

"आदिती," त्या बाळावरून नजर न काढता म्हणाल्या, "तुला बघून आल्यावर पाव्हण्यांत मी जे बोलले ना, ते बोलायचं नव्हतं."

आदितीने माझी चोच जरा वर केली, कारण दूध सांडत होते.

बाळाला अंग धरायला वेळ लागला, पण धरले. आदितीचे दूध थोडे वाढले, पुरे इतके कधी झाले नाही. जेवढे येत होते तेवढे ती पाजत राहिली आणि बाकीचे मी पाजले. विजयमालाबाईंनी लंगोटांचा ताबा घेतला. दिवसाला सहा-सात तरी ओले झाले पाहिजेत असे डॉक्टरांनी सांगितले होते. गच्चीतल्या दोरीवर लंगोट वाळत घालताना त्या मोठ्याने मोजायच्या, आणि आकडा पुरा झाला की खालच्या मजल्यापर्यंत कळायचे.

बारसे पुढे ढकलले होते, ते दिवाळीनंतर झाले. आण्णा हुपरीला वाळे आणायला निघाले आणि त्यांनी सवयीने कपाटाकडे हात नेला.

"ते मोडायचं न्हाय," विजयमालाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"मग चांदी?"

"नवी घ्या की."

गच्चीतच पाळणा बांधून बाळाचे नाव प्रियदर्शनी ठेवले. बारशाला आण्णांची बहीण बाळाबाई आली होती. तिने आदितीला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "वैनी, सून भरल्याली हाय तुमची. लेकराला दुधाचा काय तोटा नसंल."

बायका हसल्या. आदितीचा हात बाळाच्या झबल्यावर थांबला. मी तिथेच पाळण्याजवळच्या ताटलीत होते, दूध भरलेले, आणि मीही थांबले.

विजयमालाबाईंनी मला उचलून आदितीच्या हातात दिले.

"दूध बघून कळत न्हाय, वन्सं," त्या म्हणाल्या. "दोरीवरचं लंगोट मोजा, मग कळतंय. आमच्या आदितीचं थोडं हाय, उरल्यालं बोंडल्यानं देतो. काय बिघडलं?"

बाळाबाई दोरीकडे बघू लागली. आदितीने प्रियदर्शनीला बसते धरले आणि चोच तिच्या खालच्या ओठाला टेकवली.

मित्रांनो, आता प्रियदर्शनी खिमट खाते आणि मला खेळणे समजते. माझ्या चोचीला पोचा पडला तो तिनेच मला फरशीवर आपटल्यामुळे. तरीही मला रोज धुऊन, पुसून ठेवतात. तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने भांडे असेल तर ते मोडीत घालायच्या आधी एकदा घासून पाहा. आणि तुमच्या घरी बाळ आले, तर त्याच्या आईकडे बघून अंदाज बांधू नका. तिला विचारा. ती काय सांगते ते ऐकून घ्या, म्हणजे डॉक्टरांपुढे तिला मान हलवावी लागणार नाही.

आता मला जायला हवे. खालच्या मजल्यावर बाळ झाले आहे आणि त्या घरची आजी मला मागायला आली आहे. विजयमालाबाईंनी मला पातेल्यात टाकले आहे. पाणी उकळायला लागले आहे, आणि त्या तिला मोठ्या आवाजात सांगत आहेत, "आडवं घेऊन पाजायचं न्हाय हां. बसतं धरायचं."